स्किन ओपीडीत बॅच घेताना: आधी वर्णन, मग स्पर्श, नाव सगळ्यात शेवटी

एमबीबीएसच्या मुलांचं स्किन क्लिनिक (पेशंटसमोर घेतलेला तास) बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या मिनिटात. रेसिडेंट पेशंटला बोलावतो, शर्ट वर करायला सांगतो आणि म्हणतो, "हा बघा सोरायसिस." संपलं. त्यानंतर मुलं सोरायसिस बघतात, चट्टा बघत नाहीत. परीक्षेत तोच चट्टा नावाशिवाय समोर आला की "हातावर लाल रॅश, खाज आहे" यापलीकडे त्यांची पेन सरकत नाही.

खालचा क्रम ज्यांच्या अंगावर बॅच पडते त्या रेसिडेंटसाठी आणि नव्या लेक्चररसाठी आहे. दोन तास, आठ ते दहा मुलं आणि तीन पेशंट, असा हिशेब धरला आहे.

टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

पेशंट आदल्या दिवशीच हेरून ठेवा. सकाळी ओपीडीत जो दिसेल तो, असं केलं की सगळं क्लिनिक नशिबावर चालतं. तीन पेशंट तीन तऱ्हेचे हवेत: एक सपाट चट्ट्याचा (कोड, शिबं किंवा फिकट चट्टा), एक उठावदार आणि पापुद्रे असलेला (नायटा किंवा सोरायसिस), एक बारीक पुटकुळ्यांचा (खरूज किंवा लायकेन प्लेनस, म्हणजे खाजऱ्या जांभळट पुटकुळ्यांचा आजार). दुर्मिळ केसचा मोह टाळा. वॉर्डात पेम्फिगस (फोड येणारा दुर्मिळ आजार) आहे म्हणून सगळी बॅच तिकडे नेणं रेसिडेंटला आवडतं, पण हीच मुलं उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणार आहेत आणि तिथे दिवसभर नायटा, खरूज, इसब आणि एखादा बधिर चट्टा येणार आहे.

पहिल्या दिवशी ट्यूब न लावलेला पेशंट घ्या. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावून नायट्याची कड पुसट होते, पापुद्रे जातात, मधेच पुटकुळ्या दिसतात आणि नवख्याला तो नायटा वाटतच नाही. असा पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी मुद्दाम दाखवा, मूळ रूप डोळ्यांत बसल्यावर.

ट्रेमध्ये काय हवं:

- सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी, भिंग, बारीक झोताचा टॉर्च
- जाड काचेच्या स्लाइड, कव्हरस्लिप, १५ नंबरचं ब्लेड, काळा कागद
- स्पिरिटचा कापूस, कोरडा कापूस, सलाइनमध्ये भिजवलेला गॉज
- १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, बुरशी बघण्यासाठी), प्लास्टिकच्या ड्रॉपर बाटलीत
- दोन टेस्ट ट्यूब (गरम आणि गार पाण्यासाठी)
- हातमोजे, नवीन सुया, सुया-ब्लेडसाठी पांढरा न टोचणारा डबा
- शरीराची पुढची-मागची बाह्याकृती छापलेले कोरे कागद, प्रत्येकाला दोन

केओएचची बाटली कधी बनवली ते बघा. १० ग्रॅम केओएच थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये हळूहळू विरघळवून एकूण १०० मिलिलिटर करायचं. विरघळताना भांडं चांगलंच तापतं. उघडी राहिलेली जुनी बाटली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते, मग स्लाइडवर स्फटिक दिसतात आणि मुलं त्यांनाच बुरशी म्हणतात. काचेचं बूच असलेली बाटली वापरू नका, ते चिकटून बसतं.

तपासून घ्या: खिडकीजवळचं टेबल मिळालं का? दिवसाचा उजेड नसेल तर लालीबद्दल कोणी काहीही बोलू नये.

टप्पा २: पेशंटची परवानगी

पेशंट मुलांसमोर यायच्या आधी, एकट्याला विचारा. दहा जण भोवती उभे राहिल्यावर "चालेल ना?" म्हटलं तर तो नाही म्हणत नाही, आणि त्या हो म्हणण्याला काही किंमत नसते. वाक्य साधं ठेवा: "काका, हे शिकणारे डॉक्टर आहेत. त्यांनी तुमचा चट्टा बघितला, हात लावला तर चालेल का? नको असेल तर तसं सांगा, तुमच्या औषधात काही फरक पडणार नाही."

पडदा ओढलेला हवा. बाई पेशंट असेल तर सिस्टर किंवा आया आत हवी. एका वेळी पेशंटजवळ चार मुलं पुरे, बाकीची बाहेर कागद-पेन घेऊन.

सावधान: फोटोची परवानगी वेगळी आणि लेखी. चेहरा, गोंदण, केसपेपरवरचं नाव फ्रेममध्ये नको. आणि बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेशंटचा फोटो जाणार नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बजावा, कारण तो गेला की परत घेता येत नाही.

टप्पा ३: तीन अंतरांवरून, गप्प राहून बघणं

पहिली तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, तुम्हीसुद्धा. आधी दोन मीटरवरून: चट्टे शरीरावर कुठे आहेत, दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, उन्हाच्या जागी आहेत की सांध्यांच्या घड्यांत. मग हातभर अंतरावरून: किती, केवढे, कड कशी. शेवटी भिंगातून पृष्ठभाग.

मुलं हा क्रम हमखास उलटा करतात. थेट भिंग घेऊन एका पुटकुळीवर वाकतात आणि पाठभर पसरलेली रांग त्यांना दिसतच नाही. त्यांना ओढून मागे उभं करा.

उठाव आहे की नाही हे डोळ्यांनी ठरत नसेल तर टॉर्च आडवा, त्वचेला जवळजवळ समांतर धरा. उठाव असेल तर बाजूला सावली पडते. हे एकदा दाखवलं की मॅक्यूल (सपाट डाग) आणि पॅप्यूल (छोटा उठाव) यांतला गोंधळ अर्धा मिटतो.

टप्पा ४: वर्णन

फळ्यावर हा क्रम लिहून ठेवा आणि पोस्टिंग संपेपर्यंत पुसू नका: जागा, पसरण, संख्या, मूळ प्रकार, माप, आकार, रंग, कड, पृष्ठभाग, मांडणी. मग केस, नखं, तोंडाच्या आतली त्वचा, तळहात-तळपाय.

मूळ प्रकार सांगताना आकड्याचा वाद होतो. काही पुस्तकं पॅप्यूल आणि प्लाक (मोठा, पसरट उठाव) यांची सीमा १ सेंटिमीटर धरतात, काही अर्धा. दोन्ही चालतात, पण एकाच विभागात दोन मास्तरांनी दोन आकडे सांगितलेले चालत नाहीत. विभागात एकदा ठरवा आणि तेच फळ्यावर लिहा. माप मात्र पट्टी ठेवूनच. "नाण्याएवढा", "लिंबाएवढा" हे पेशंटने म्हणावं.

आता सरावाची मुख्य गोष्ट. दोन-दोन मुलांच्या जोड्या करा. एक जण पेशंटसमोर, दुसरा पाठमोरा, हातात बाह्याकृतीचा कागद. पहिल्याने फोनवर सांगितल्यासारखं वर्णन करायचं, रोगाचं नाव घ्यायचं नाही, दुसऱ्याने ऐकून चित्र काढायचं. पाच मिनिटांनी चित्र पेशंटशेजारी धरा.

"हातावर लाल रॅश आहे" एवढ्यावर जे चित्र निघतं ते बघून सगळे हसतात, आणि मग वाक्य हळूहळू असं होतं: "उजव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला एकच प्लाक, साधारण ६ बाय ४ सेंटिमीटर, वलयासारखा. कड स्पष्ट, उठावदार, तिच्यावर बारीक पापुद्रे आणि तुरळक पॅप्यूल. मधला भाग बराचसा मोकळा, थोडा काळपट." एवढं ऐकल्यावर पाठमोऱ्या मुलाला कोणी न सांगता नायटा आठवतो.

रंगाबद्दल थोडं जास्त. पुस्तकांतली बरीच चित्रं गोऱ्या कातडीची असतात. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली लाल दिसेलच असं नाही. ती तपकिरी, जांभळट, कधी करडी दिसते. मुलं मात्र पुस्तकात आहे म्हणून सगळीकडे "एरिदमेटस" (लालसर) लिहितात, आणि आपणही सवयीने तसंच बोलतो. त्याऐवजी विचारा: "याच माणसाच्या शेजारच्या चांगल्या त्वचेपेक्षा रंग कसा वेगळा आहे?" दिसतो तोच रंग लिहायचा. लाली आहे की नाही ही शंका असेल तर हाताच्या पाठीने ऊब बघा.

नेहमीची गफलत: फिकट आणि पांढरा यांत फरक न करणं. कोडाचा चट्टा दुधासारखा पांढरा, कुष्ठरोगाचा चट्टा फिकट. तो पूर्ण पांढरा होत नाही.

टप्पा ५: हात लावणं

लागण होईल या भीतीने मुलं बोटाच्या टोकाने स्पर्श करून हात मागे घेतात, आणि पेशंटला ते बरोबर कळतं. खरूज, ओलसर जखम, पू असेल तिथे हातमोजे. बाकी कोरड्या चट्ट्याला स्वच्छ उघडा हात. नंतर हात धुणं आहेच.

खपली की पापुद्रा? खपली म्हणजे सुकलेला स्राव, पू किंवा रक्त. पापुद्रा म्हणजे त्वचेच्याच वरच्या थराचा सुटलेला तुकडा. सलाइनचा गॉज दोन मिनिटं ठेवा. खपली मऊ होऊन निघते आणि खाली ओलसर जागा दिसते.

स्लाइड दाबून बघणं: स्लाइड आडवी ठेवून सपाट दाबा. रंग गेला तर रक्तवाहिन्या फुगलेल्या आहेत, तसाच राहिला तर रक्त वाहिनीबाहेर आलं आहे. पातळ किंवा चीर गेलेली स्लाइड वापरू नका, दाबताना फुटते.

ग्राटाज टेस्ट (सोरायसिससाठी): स्लाइडच्या कडेने प्लाक हलकेच खरवडा. आधी पापुद्रे मेणासारखे पांढरे होऊन सुटतात, मग पातळ चकचकीत पडदा दिसतो, तो निघाल्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. मुलं पहिल्याच फटक्यात रक्त काढतात आणि "पॉझिटिव्ह" म्हणतात. जोरात ओरखडलं तर कुठल्याही त्वचेतून रक्त येईल. तिन्ही पायऱ्या ओळीने दिसल्या तरच ती टेस्ट झाली. एका पेशंटवर एकदाच, आणि ती तुमच्या हाताने.

फोड असलेल्या पेशंटवर निकोल्स्की साइन (घासल्यावर त्वचेचा वरचा थर सुटतो का ते बघणं) मुलांना करू देऊ नका. प्रत्येकाने एकदा घासून बघितलं तर संध्याकाळपर्यंत नवी उघडी जखम तयार असते.

पित्ताच्या गांधी असतील तर एकीभोवती बॉलपेनने रेघ काढून वेळ लिहा आणि पेशंट दुसऱ्या दिवशी येणार असेल तर तीच जागा दाखवा. साधी गांध २४ तासांत त्या जागेवरून गेलेली असते. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे लक्षात राहतं.

टप्पा ६: बधिरता आणि नसा

कुष्ठरोग ओळखण्याचा हाच भाग सगळ्यात जास्त चुकतो, आणि चुकला तर सगळ्यात महागात पडतो. सावकाश घ्या.

६.१ पेशंटला आधी डोळे उघडे ठेवून सराव द्या, चांगल्या त्वचेवर. "मी कापूस लावतो. लागला की तिथे बोट ठेवा." त्याला काय करायचं आहे हे समजलं याची खात्री झाल्यावरच पुढे.

६.२ डोळे मिटायला सांगा किंवा मधे कागद धरा. कापसाची टोकदार वात करून फक्त टेकवा, ओढू नका. ओढलेला कापूस शेजारच्या चांगल्या त्वचेलाही कळतो आणि बधिर चट्टा चांगला ठरतो.

६.३ चट्ट्याच्या मध्यावर, मग कडेला, मग बाहेर, क्रम न ठेवता. मधे मधे न लावताच थांबा. दर वेळी "कळतंय का?" असं विचारू नका. विचारलं की पेशंट भल्या मनाने "हो" म्हणतो, कापूस लावलेला असो वा नसो. बोट ठेवणं हेच उत्तर.

६.४ गरम-गार स्पर्श पण बघा, कारण ही संवेदना लवकर जाते. गरम पाण्याची ट्यूब आधी स्वतःच्या मनगटावर धरा. तुम्हाला चटका बसत असेल तर ती बधिर त्वचेला भाजेल, आणि पेशंटला कळणारही नाही.

६.५ टोचून बघायचं असेल तर दर पेशंटला नवी सुई, रक्त न काढता. वापरलेली सुई लगेच पांढऱ्या डब्यात.

लक्षात ठेवा: चेहऱ्यावरच्या चट्ट्यात नसांचं जाळं दाट असल्याने कुष्ठरोग असूनही संवेदना शाबूत असू शकते. तिथे "बधिर नाही म्हणजे कुष्ठरोग नाही" हे चालत नाही.

नसा तपासताना मुलं दोरी शोधल्यासारखी बोटं खुपसतात. अल्नार नसेसाठी पेशंटचा कोपर वाकवून घ्या, कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागच्या खोबणीत बोटांचा मांसल भाग ठेवा आणि नसेवरून आडवा, हलका फिरवा. नजर हातावर नको, पेशंटच्या चेहऱ्यावर हवी. नस दुखरी असेल तर आधी चेहरा सांगतो. मग दुसऱ्या हाताची तीच नस, कारण जाड आहे की नाही हे तुलनेशिवाय ठरत नाही. याच रीतीने गुडघ्याखाली फिब्युलाच्या मानेजवळची कॉमन पेरोनियल, घोट्याच्या आतल्या हाडामागची पोस्टेरिअर टिबियल आणि मान वळवल्यावर दिसणारी ग्रेट ऑरिक्युलर.

चट्टे मोजायला पूर्ण अंग बघावं लागतं. कुष्ठरोगाच्या वर्गीकरणात पाचपर्यंत चट्टे एका गटात आणि पाचपेक्षा जास्त दुसऱ्या गटात, हे मुलांना पाठ असतं. पण दंडावरचे दोन मोजून थांबतात, पाठ आणि नितंब बघतच नाहीत.

सावधान: "लेप्रसी", "हॅन्सन्स", "महारोग" यांतला कुठलाही शब्द पेशंटसमोर नको. इंग्रजी नाव त्याला कळत नाही हा गैरसमज आहे. चर्चा दुसऱ्या खोलीत, आणि पेशंटला निदान सांगायचं ते तुम्ही, बसून, एकट्याला.

टप्पा ७: केओएच लावा, आणि वाट बघताना प्रश्न विचारा

जागा निवडा: पसरत चाललेली, पापुद्रे असलेली कड. मधल्या मोकळ्या भागात बुरशी कमी सापडते. गेल्या काही दिवसांत बुरशीचं मलम लावलं असेल तर निगेटिव्ह येऊ शकतं, ते केसपेपरवर लिहून ठेवा.

स्पिरिटने मलम आणि घाम पुसा, वाळू द्या. ब्लेड त्वचेला काटकोनात धरून कडेवर खरवडा, खाली काळा कागद धरा म्हणजे पांढरे कण दिसतात. भरपूर हवेत, दोन कणांवर काम भागत नाही. स्लाइडच्या मध्यावर कण, वर केओएचचे एक-दोन थेंब, कव्हरस्लिप एका बाजूने टेकवत हळू सोडा म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. घाई असेल तर ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा, उकळी येऊ देऊ नका. नाहीतर १० ते २० मिनिटं थांबा. नखासाठी २० ते ४० टक्क्यांचं केओएच आणि बऱ्याचदा रात्रभर, त्यामुळे नख क्लिनिकमध्ये दाखवायचं असेल तर आदल्या दिवशीच लावून ठेवा.

या वीस मिनिटांत प्रश्न. बघून झाल्यावर विचारलेला प्रश्न नेमका असतो. किती दिवस, कुठून सुरू झालं, रात्री खाज जास्त का, घरात अजून कोणाला, आणि हमखास विसरला जाणारा: "काय काय लावलंत?" ट्यूब पिशवीतून काढून दाखवायला सांगा. "काही नाही लावलं" म्हणणाऱ्याच्या पिशवीत तीन ट्यूब निघतात.

मग, आणि मगच, नाव. प्रत्येकाकडून तीन शक्यता घ्या, आणि वर्णनातल्या कुठल्या शब्दामुळे कुठली शक्यता मागे पडते ते त्यांनाच सांगायला लावा.

स्लाइड तयार झाली की वरून टिपकागदाने हलकं दाबा आणि बाजूचं पाणी टिपून घ्या. ओघळलेलं केओएच मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हच्या काचेला लागलं तर काच खराब होते, आणि मग वर्षभर सगळ्यांना धुकंच दिसतं. कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग) खाली, उजेड कमी, आधी १०एक्स, मग ४०एक्स. प्रखर उजेडात बुरशीचे पारदर्शक धागे दिसतच नाहीत; "काहीच नाही सर" म्हणणाऱ्या मुलाचा कंडेन्सर आधी बघा.

खरा धागा सारख्या जाडीचा, पडदे असलेला, फांद्या फुटलेला आणि पेशींच्या सीमा ओलांडून जाणारा. पेशींच्या कडेकडेने वळसे घेत जाणारी जाळी म्हणजे बुरशी नव्हे. फरक समजावा म्हणून दोन स्लाइड मुद्दाम जास्तीच्या करा: एकीवर एखाद्या मुलाच्या टाचेची चांगली कातडी, दुसरीवर केओएचमध्ये कापसाचे दोन धागे. या दोन्ही आधी बघितल्या की तिसऱ्या स्लाइडवर फसायचं प्रमाण बरंच कमी होतं.

खरजेचा किडा शोधायचा असेल तर केओएचऐवजी मिनरल ऑइल वापरा. केओएचमध्ये किड्याची विष्ठा विरघळते आणि एक पुरावा हातचा जातो.

टप्पा ८: आवरणं आणि गुण देणं

ब्लेड आणि सुया पांढऱ्या डब्यात, हातमोजे लाल पिशवीत, रक्त-पू लागलेला कापूस आणि गॉज पिवळ्या पिशवीत, काच निळ्या खोक्यात. हे मुलांकडूनच करून घ्या, मावशींवर सोडू नका.

शेवटच्या दिवशी पाच मिनिटांचं स्टेशन (छोटी प्रात्यक्षिक परीक्षा) ठेवा, दहा गुणांचं: परवानगी आणि पडदा १, अंतरावरून बघणं १, मूळ प्रकार २, माप पट्टीने १, कड आणि पृष्ठभाग २, स्पर्श १, तीन शक्यता कारणासह २. नुसतं निदान बरोबर सांगितलं तर शून्य, हे आधीच जाहीर करा. पहिल्या बॅचमध्ये थोडी कुरकुर होते.